तक्रारपेटी आहे, ती उघडायला वेळ कुणाकडे आहे?

प्रति,
मा. प्रधान सचिव, शालेय शिक्षण व क्रीडा विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. शिक्षण आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : मुलांकडून मुलांचा शाळेत होणारा छळ आणि तो थांबवायला लागणारा शिक्षकाचा वेळ

महोदय,

विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेबद्दल विभागाने गेल्या काही वर्षांत काढलेले शासन निर्णय आमच्या स्टाफरूमच्या कपाटात फाइलला लावलेले आहेत. २०१७ चा तक्रारपेटीचा, २०२२ चा सखी सावित्री समितीचा, बदलापूरच्या प्रकरणानंतर ऑगस्ट २०२४ मध्ये आलेला सीसीटीव्हीचा. त्याप्रमाणे आमच्याकडे पेटी आहे, समितीच्या सदस्यांच्या नावांचा फलक आहे, व्हरांड्यात कॅमेरे आहेत. उद्या तपासणीला कुणी आलं तर तिन्ही रकान्यांत ‘होय’ लिहिलेलं सापडेल. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित माध्यमिक शाळेत आठवीची वर्गशिक्षिका आहे. त्या ‘होय’च्या मागे प्रत्यक्षात काय चालतं, ते सांगायला हे पत्र लिहिते आहे.

बदलापूरसारखा गुन्हा पोलिसांत जातो, जायलाच हवा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्याने माहिती असणाऱ्या प्रत्येकावर तो कळवण्याची सक्ती आहे. मी बोलते आहे ते त्याच्यापेक्षा पुष्कळ लहान दिसणारं, रोजचं. एखाद्याला बापाच्या धंद्यावरून हाक मारायची. एखादीच्या रंगावरून, अंगावरून, युनिफॉर्मवर पडलेल्या डागावरून महिनाभर खिदळायचं. डबा उघडून त्यात माती टाकायची. ऊसतोडीवरून मार्चमध्ये परत आलेल्या पोराशेजारी कुणी बसायचं नाही, आणि तो पुस्तक वाचायला उभा राहिला की मागून आवाज काढायचे. जातीचं नाव न घेता जात सांगणारे शब्द मुलांना आठवीपर्यंत भरपूर येतात. आता त्यात इन्स्टाग्रामची भर पडली आहे : एकाला वगळून अख्ख्या वर्गाचा ग्रुप, आणि त्या ग्रुपवर त्याच एकाचे चोरून काढलेले फोटो. जगभरातल्या साधारण तीनपैकी एका विद्यार्थ्याने मागच्या महिन्याभरात सोबतच्या मुलांकडून असा त्रास सोसलेला असतो, असं युनेस्कोने २०१९ मध्ये सांगितलं. आमचा तालुका जगाबाहेरचा नाही.

खांद्यावर हात टाकून व्हरांड्यातून चाललेली दोन मुलं कॅमेऱ्यात मित्र दिसतात. त्यातल्या एकाचा हात दुसऱ्याची मान किती दाबतो आहे, ते दिसत नाही. तक्रारपेटीचंही तेच. ती ठळक जागी लावायची म्हणून मुख्याध्यापकांच्या दाराशी लावली आहे आणि तिच्यात चिठ्ठी कोण टाकतं, हे सगळी मधली सुट्टी बघत असते. आमच्या पेटीत आजवर निघालेल्या चिठ्ठ्यांपैकी बहुतेक पंख्याबद्दल आणि गणिताच्या सरांबद्दल आहेत.

मग हा छळ दिसतो कुणाला? जो मोठा माणूस रोज त्याच जागी, फारसं काही न करता, मुलांच्या आसपास असतो त्याला. आमच्याकडे असा एक माणूस होता, तो शिपाई होता. घंटा देणं, पाणी भरणं, स्वच्छतागृहाची चावी सांभाळणं ही त्यांची कामं आणि जिन्याखालचं स्टूल ही जागा. कोण कुणाच्या मागोमाग मुतारीकडे गेलं, कोण आठ दिवस सुट्टीत खेळायला उतरलं नाही, कुणाच्या पायात काल चपला होत्या आणि आज नाहीत, हे मामांना आमच्या कितीतरी आधी कळायचं. स्टाफरूमच्या दारात येऊन ते एवढंच म्हणायचे, “मॅडम, त्या पोराकडं जरा बघा.” ते निवृत्त झाले. ११ डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयाने शिपायांची पदं रिकामी होतील तशी बंद करून त्याऐवजी ठोक शिपाई भत्ता द्यायचं ठरलं. ग्रामीण भागात महिना ५,००० रुपये. एवढ्यात सकाळी येऊन झाडून जाणारा माणूस मिळतो. जिन्याखाली बसणारा मिळत नाही. तिजोरीचे किती पैसे वाचले त्याचा हिशेब वित्त विभागाकडे असेल. त्या स्टुलावरून काय दिसायचं, याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नव्हता.

दुसरी जागा म्हणजे मैदान. या विषयाच्या अभ्यासाचा पाया घालणारे संशोधक दान ओल्वेउस यांनी १९८० च्या दशकात नॉर्वेतल्या बर्गनच्या शाळांमध्ये मोठा अभ्यास केला. त्यांना आढळलेल्या गोष्टींपैकी एक अगदी साधी आहे : सुट्टीत मुलांमध्ये जितके जास्त शिक्षक, तितका छळ कमी. आमच्या मधल्या सुट्टीत शिक्षक कुठे असतात ते सांगते. आठवीपर्यंत पोषण आहार असतो. मुलांच्या आधी खिचडीची चव घ्यायची, चव रजिस्टरमध्ये सही करायची, रांगा लावायच्या, ताटं मोजायची, मग लाभार्थी संख्या अ‍ॅपवर टाकायची, आणि रेंज नसेल तर त्यासाठी गच्चीवर जायचं. तेवढ्यात सुट्टी संपते. खिचडी बंद करा असं मी म्हणत नाही. आमची कित्येक मुलं सकाळी घरून काही न खाता येतात. पण शाळेच्या दिवसातली सगळ्यात धोक्याची चाळीस मिनिटं पातेल्याभोवती आणि मोबाइलमध्ये जातात, आणि नंतर आम्हालाच विचारलं जातं की हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही.

लक्षात आल्यावर किती काम असतं, तेही एकदा लिहून ठेवते. पुढचा मुलगा दोन-तीन मुलांचा मिळून बनवला आहे, कुणाची ओळख उघड होऊ नये म्हणून.

आठवीतला एक मुलगा दिवाळीनंतर वही लिहिनासा होतो. हे कळतं ते वह्या तपासताना. म्हणजे त्या आठवड्यात पासष्ट वह्या नुसत्या सह्या ठोकून परत न करता वाचता आल्या तरच. विचारलं की तो म्हणतो, “काही नाही मॅडम.” तीन-चार दिवसांनी पुन्हा विचारावं लागतं, एकट्याला. एकट्याला विचारायला जागा नाही : स्टाफरूममध्ये बारा माणसं, प्रयोगशाळेत नववीचा तास, शेवटी सायकल स्टँड. तो बोलला, तर त्याचं म्हणणं पाहिलेल्या दोन मुलांना गाठायचं, वेगवेगळं, कारण एकत्र विचारलं की दोघंही कुणा तिसऱ्याकडे बघत उत्तरं देतात. मग त्रास देणारे तिघे. तेही वेगवेगळे आणि एकाच दिवशी, नाहीतर रात्री फोनवर सगळ्यांचं म्हणणं जुळून येतं. त्या तिघांपैकी एक जण स्वतः घरी रोज मार खातो असं बोलता बोलता कळतं. तिथून वेगळंच काम सुरू होतं. मग पालक. या मुलाचे वडील टमटम चालवतात, संध्याकाळी सातच्या आत मोकळे होत नाहीत. तिघांपैकी एकाचे काका राजकारणात आहेत. ते शाळेत येत नाहीत, मुख्याध्यापकांना फोन करतात. मग सगळ्याची लेखी नोंद. आणि पुढे पाच-सहा आठवडे दर दोन-तीन दिवसांनी त्या मुलाशी सहज बोलल्यासारखं करून बघत राहायचं की त्रास थांबला आहे, की फक्त ट्यूशनच्या रस्त्यावर सरकला आहे.

एका प्रकरणाचे दहा-बारा तास तरी होतात. आमचं वेळापत्रक पस्तीस मिनिटांच्या आठ तासिकांचं. त्यात दिवसाला एखादी मोकळी, तीही कुणी रजेवर किंवा प्रशिक्षणाला असलं की बदली तासिकेत जाते. पासष्ट मुलांच्या वर्गात वर्षाला अशी चार-पाच प्रकरणं गंभीर निघतात, हे माझं अनुभवाचं बोलणं आहे. या कामासाठी माझ्या आठवड्यात किती मिनिटं राखून ठेवली आहेत, हे वेळापत्रकावर नजर टाकली की कळतं. एकही नाही.

वेळ नसलेला शिक्षक मग चौकशी करत नाही, निकाल लावतो. दोघांना उभं करायचं, दोघांवर ओरडायचं, “सॉरी म्हण, हात मिळव,” की चार मिनिटांत प्रकरण बंद. मारणाऱ्याला कळतं की किंमत चार मिनिटं आहे. मार खाणाऱ्याला कळतं की सांगितलं तर आपल्यालाही उभं करतात. तो पुन्हा सांगायला येत नाही. किंवा जागा बदलायची, आणि बहुतेकदा ती त्रास सोसणाऱ्याचीच बदलते, कारण तिघांना हलवण्यापेक्षा एकाला हलवणं सोपं. आणि सगळ्यात गुपचूप सुटणारी प्रकरणं म्हणजे पालक एके दिवशी येऊन दाखला काढून नेतात. जनरल रजिस्टरला शाळा सोडल्याचं कारण लिहिलं जातं : स्थलांतर. या ‘स्थलांतरां’चा कधीतरी कुणी अभ्यास करावा.

“छडी गेली आणि पोरं माजली,” असं म्हणणारे सहकारी प्रत्येक शाळेत आहेत. मला ते पटत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली ते योग्यच झालं. छडी हे वेळ नसलेल्या माणसाचंच हत्यार होतं, आणि ती मुलांना हेच शिकवायची की ज्याच्या हातात जास्त जोर त्याचं खरं. पण छडी काढून घेतली तेव्हा तिच्या जागी जे द्यायला हवं होतं, म्हणजे लहान वर्ग, मोकळी तासिका, मदतीला एखादा समुपदेशक, ते दिलं गेलं नाही. 

वेळ जातो कुठे, हे आपल्याला मी सांगायला नको. आदेश आपल्याच कार्यालयांतून निघतात. त्याच शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून दुसरं अशैक्षणिक काम देता येत नाही. निवडणुकीच्या अपवादातून बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची मतदारयादी सांभाळणारा अधिकारी, शिरला आणि ते काम आता बारमाही झालं आहे. मतदारयादीचं काम शिक्षकांकडून सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याच्या वेळेबाहेर करून घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितलं आहे; आमच्याकडे त्याची बैठक तहसीलला सकाळी अकरा वाजता असते. जानेवारी २०२४ मध्ये मराठा आणि खुल्या प्रवर्गाच्या सर्वेक्षणासाठी शिक्षक दारोदार फिरले. त्याआधी २०२३ मध्ये निरक्षरांच्या सर्वेक्षणावर संघटनांना बहिष्कार घालावा लागला. याखेरीज ऑनलाइन भरायच्या नोंदी : सरल, यू-डायस प्लस, आधार जुळवणी, अपार आयडी, चॅटबॉटवरची हजेरी. २०२४ मध्ये विभागाने शैक्षणिक कामं कोणती आणि अशैक्षणिक कोणती याची विभागणी करून दिली. त्याने कामांना नावं मिळाली. कामं होती तिथेच राहिली.

यात तासिका बुडतात हे सगळे बोलतात. मला दुसरं सांगायचं आहे. बुडालेला अभ्यास रविवारी जादा तास घेऊन भरून काढता येतो. वर्गावरची नजर अशी भरून काढता येत नाही. वर्गशिक्षिका आठ दिवस बाहेरच्या कामावर जाणार आहे, ही बातमी वर्गात सगळ्यांत आधी कुणाला लागते? त्या तिघांना. मी परत येते तेव्हा वर्गातली बसायची व्यवस्था बदललेली असते आणि का बदलली ते कुणी सांगत नाही.

माझी शाळा तरी बरी म्हणायची. यू-डायस प्लसच्या २०२४-२५ च्या आकड्यांत महाराष्ट्रातल्या आठ हजारांहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत. तो एकटा शिक्षक केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, बैठकीला गेला की चार-पाच इयत्तांची मुलं एका खोलीत एकमेकांच्या हवाली. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याच्या, निकषांनी सहावी ते आठवीचा पट विसाच्या आत असेल तिथे शून्य शिक्षक मंजूर व्हायला लागले. पट कमी म्हणजे मुलांचे प्रश्न कमी, असा काहीतरी समज त्यामागे दिसतो. वस्तीवरच्या अठरा मुलांच्या शाळेत छळ सोसणाऱ्या मुलीला दुसरी मैत्रीण शोधायलाही वर्गात कुणी नसतं, याची कल्पना मुंबईत बसून येणं कठीण आहे.

आता पगाराबद्दल, कारण त्याचा या विषयाशी थेट संबंध आहे आणि तो फारसा कुणी जोडून दाखवत नाही.

शिक्षणसेवक, म्हणजे नव्याने लागलेला शिक्षक, तीन वर्षं मानधनावर असतो. २०२३ च्या वाढीआधी प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० मिळायचे. आता १६,००० आणि १८,००० मिळतात. ‘कायम विनाअनुदानित’ शाळांची ‘कायम’ ही, म्हणजे कधीच अनुदान न मिळण्याची, अट २००९ मध्ये निघाली, तरी टप्प्याटप्प्याने वाढणाऱ्या टप्पा अनुदानावरचे हजारो शिक्षक अजून वीस, चाळीस, साठ टक्क्यांच्या पायऱ्यांवर बसले आहेत. आझाद मैदानात त्यांची आंदोलनं इतक्या वेळा झाली की वर्तमानपत्रं आता आतल्या पानावर घेतात. असा माणूस वर्गात उभा असतो तेव्हा मागच्या बाकावरच्या दादाला हे नेमकं माहीत असतं. मुलांना सगळं माहीत असतं. कोणत्या सरांची नोकरी पक्की आहे, कोणते सर संध्याकाळी दुकानात हिशेब लिहितात, कोणत्या मॅडम संस्थेच्या अध्यक्षांसमोर उभ्या राहिल्या की हात मागे घेतात.

माझ्या ओळखीचा एक तरुण सहकारी दुसऱ्या एका शाळेत टप्प्यावर आहे. दहावीतला एक मुलगा वर्गातल्या मुलींचे व्हिडिओ काढून फिरवत होता. याने मोबाइल काढून घेतला, मुलींचं म्हणणं लिहून घेतलं, पालकांना बोलावलं. म्हणजे जे करायला हवं ते सगळं केलं. मुलाचे वडील संचालक मंडळावर. याला सांगण्यात आलं की पोरगं आहे, विषय वाढवू नका, तुमचा पुढच्या टप्प्याचा प्रस्ताव आमच्याच सहीने जायचा आहे. शिवाय मुलाच्या घरून उलटी तक्रार आली की सरांनी आमच्या मुलाचा मानसिक छळ केला. मोबाइल त्याच संध्याकाळी परत गेला. त्या वर्गातल्या मुली पुढच्या वेळी कुणाकडे जातील? शिक्षकाच्या नोकरीचा धाक ज्याच्या हाती, त्याच्या मुलाला शाळेत दादागिरीचा परवाना मिळतो. आणि अशा कंत्राटी, मानधनी नेमणुका कमी होण्याऐवजी वाढत चालल्या आहेत. आश्रमशाळांमध्ये तर मुलं रात्रीही तिथेच असतात. तिथली पदं बाहेरच्या संस्थेमार्फत भरण्याला विरोध करत रोजंदारीवरचे कर्मचारी २०२५ मध्ये नाशिकला महिनोन्‌महिने बसून होते; वसतिगृहात रात्री दोनला रडणाऱ्या पोराला उठून जवळ घेणारा माणूस दरवर्षी बदलणारा असून चालतो का, हा प्रश्न त्यातल्या कागदपत्रांत कुठे नसावा.

आणखी एक गोष्ट लिहिताना जरा संकोच होतो. रात्री साडेनऊला तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज येतो : माहिती आत्ताच्या आत्ता भरा, अन्यथा शिस्तभंगाची कारवाई. ज्यांची राहिली त्यांची यादी नावानिशी, लाल रंगात, तीनशे जणांसमोर. भेटीला आलेले साहेब भर वर्गात मुलांसमोर शिक्षकाला विचारतात, “हे तुम्हाला येतं का?” मुलं हसतात. चारचौघांत खालच्या माणसाचा पाणउतारा केला की आपण मोठे होतो, हा धडा त्या दिवशी वर्गाला मिळालेला असतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात जाऊन मी ‘सर्वांना आदराने वागवा’ शिकवायचं असतं. अधिकाऱ्यांवरही वरून तसाच दबाव असतो, हे मला माहीत आहे. अनेक केंद्रप्रमुखांकडे दोन-दोन केंद्रांचा कारभार आहे. पण साखळी शेवटी पोरांपर्यंत येते, आणि पोरांच्या हाताखाली त्यांच्यापेक्षा लहान पोरं असतात.

शिक्षकांची बाजू मांडताना सगळं वेळेवर ढकलून मोकळं होता येणार नाही, तेही बोलायला हवं. मोकळ्या तासिका असूनही व्हरांड्यात न डोकावणारे शिक्षक आहेत. ‘ढ’ मुलांचा वेगळा बाक करणारे आहेत. वर्गात ठेवलेलं टोपणनाव कधीकधी शिक्षकानेच पहिल्यांदा उच्चारलेलं असतं. मुलं ते फक्त पुढे चालवतात. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायचे म्हणून भर वर्गात एकेका मुलाला उभं करून जात विचारायची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी आहे, आणि त्या दुपारच्या सुट्टीत काय होतं हे त्या मुलांना विचारा. हे वेळ नसल्याने होत नाही. सवयीने होतं, आणि ती सवय मोडायला आमच्यावरही कारवाई झाली तर माझी तक्रार नाही.

परदेशातला एकच दाखला देते, कारण तो आपल्याला सावध करणारा आहे. जपानमधल्या ओत्सू शहरात २०११ मध्ये वर्गातल्या मुलांच्या छळाला कंटाळून एका शाळकरी मुलाने जीव दिला. त्यानंतर २०१३ मध्ये जपानने शाळांमधल्या छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. शाळाशाळांत समिती, घटनेची नोंद, गंभीर प्रकरणाची चौकशी. आज तिथे वर्षाला सात लाखांवर प्रकरणं नोंदली जातात. नोंद वाढली ते चांगलंच. लपवण्यापेक्षा शंभर पट बरं. पण २०१८ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत त्याच जपानमधले माध्यमिक शिक्षक आठवड्याला ५६ तास काम करताना आढळले, पाहणीतल्या सगळ्या देशांत जास्त. शेवटी तिथल्या सरकारला शिक्षकांच्या जादा कामावर महिन्याला ४५ तासांची मर्यादा सांगावी लागली आणि खेळांच्या क्लबांची जबाबदारी शाळेबाहेर न्यायला सुरुवात करावी लागली. आपण त्यांच्या पहिल्या पायरीवर आहोत : समित्या झाल्या, पेट्या झाल्या. दुसऱ्या पायरीचं नाव कुणी काढत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबद्दल देशभरासाठी सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसतज्ज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा. त्याहून लहान संस्थेने बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावं. माझ्या ओळखीच्या एकाही अनुदानित शाळेत असं पद नाही. होतं ते असं : विज्ञानाच्या मॅडमना दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवायचं आणि फलकावर त्यांच्या नावापुढे ‘समुपदेशक’ लिहायचं. त्यांच्या तासिका तेवढ्याच राहतात. १०९८ आणि १४४१६ हे मदतीचे क्रमांक भिंतीवर रंगवले आहेत. मुलांकडे शाळेत फोन नसतो, आणि नसावाच.

तेव्हा मागणं काय आहे ते सांगते. सगळं आज होणार नाही हे मलाही कळतं.

पहिलं, ज्याला पैसा जवळजवळ लागत नाही : पाचवीपासून पुढच्या वर्गशिक्षकाच्या कार्यभारात आठवड्याला दोन तासिका ‘वर्गशिक्षक तासिका’ म्हणून धराव्यात, आणि त्या बदली तासिकेला वापरता येणार नाहीत असं लेखी यावं. मुलांशी बोलणं, पालकांना भेटणं, नोंद ठेवणं त्यात होईल. वर्गशिक्षक असलेल्यांना बीएलओच्या कामातून वगळण्यासाठी विभागाने निवडणूक यंत्रणेशी बोलावं. गावोगाव शिकलेली आणि काम शोधणारी मुलं-मुली कमी नाहीत. २०२७ च्या जनगणनेला शिक्षक लागणारच, कायद्यातही ते आहे, पण एकाच शाळेतून एकाच वेळी निम्मे शिक्षक उचलले जाऊ नयेत इतकं नियोजन आतापासून करता येईल.

पोषण आहाराची नोंद आणि देखरेख स्वयंपाकी ताई, मदतनीस आणि शाळा व्यवस्थापन समितीवर टाकून सुट्टीत किमान दोन शिक्षक मैदानात आणि एक स्वच्छतागृहाकडे राहील, अशी पाळी ठरवून द्या. पाळी असलेल्याला त्या वेळी अ‍ॅपवरचं कोणतंही काम सांगायचं नाही.

शिपायाचं पद परत आणा. हे खर्चाचं आहे, पण जिथे पाचशेपेक्षा जास्त मुलं आहेत तिथून सुरुवात करता येईल. समुपदेशक प्रत्येक शाळेला देणं जमत नसेल तर केंद्राला एक द्या, जो आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येईल. ठरलेल्या दिवशी, हे महत्त्वाचं. मुलं त्या दिवसाची वाट बघायला शिकतात.

आणि शिक्षकाच्या पाठीशी उभं राहायची एक लेखी पद्धत करा. ठरलेल्या पायऱ्यांनी चौकशी करून नोंद ठेवणाऱ्या शिक्षकाविरुद्ध उलटी तक्रार आली, तर ती संस्थेकडे न जाता गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावी. चौकशी पूर्ण होईपर्यंत त्याचा टप्पा, त्याची मान्यता, त्याची वेतनवाढ यांपैकी काही अडवता येऊ नये. टप्प्यावरच्या माझ्या त्या सहकाऱ्याला एवढं जरी मिळालं असतं, तर तो मोबाइल त्या संध्याकाळी परत गेला नसता.

नवी समिती कृपया नको. नवं अ‍ॅप तर नकोच.

संचमान्यता ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते. वर्गशिक्षक तासिका कार्यभारात धरायच्या तर निकषांतला बदल त्याआधी व्हायला हवा, म्हणजे त्याची फाइल उन्हाळ्याच्या सुट्टीतच हलायला हवी. त्याबद्दल बोलायला मला पुण्याला बोलावलंत तर मी स्वखर्चाने येईन. फक्त शाळेच्या दिवशी बोलावू नका. माझ्या वर्गावर त्या दिवशी कुणी नसेल.

आपली,
एक वर्गशिक्षिका, इयत्ता आठवी
अनुदानित माध्यमिक शाळा, मराठवाडा